काळविटाची पारध आणि रानाचा धनी

मराठवाड्याच्या नकाशावर गोदावरी व दुधना या दोन नद्यांच्या मध्ये काळ्या जमिनीचा जो पट्टा आहे, त्यात परभणी जिल्ह्यातील मानवत हे गाव येते. कापसाची पेठ म्हणून त्याचे नाव दूरवर माहीत आहे. शिकारीचे ठिकाण म्हणून कोणी त्याचे नाव घेत नाही. डोंगर नाही, दाट झाडी नाही, वाघरू दडून बसेल अशी दरी नाही. नजर जाईल तेथवर शेते, मधून मधून मुरमाड माळ, एखादा ओढा आणि ओढ्याच्या काठी बाभळी. मृगया म्हटली की मचाण, हाका आणि पट्टेदार वाघ एवढेच ज्यांच्या डोळ्यांपुढे येते, त्यांना या सपाट मुलखात शिकाऱ्याचे काय काम, असा प्रश्न पडेल. परंतु दक्षिणेतील मृगयेचा एक फार जुना आणि फार खर्चाचा प्रकार अशाच उघड्या रानात चालत असे. तो म्हणजे काळविटाची पारध.

या पारधीची वर्णने पुष्कळ आढळतात. चित्त्याची झेप, घोड्यांची दौड, बंदुकीचा नेम या गोष्टी शिकाऱ्यांनी मोठ्या चवीने लिहून ठेवल्या आहेत. त्या झेपेच्या आधी कित्येक दिवस जो खटाटोप चाले, त्याकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. रान कोणाचे, त्यात पीक उभे आहे की कापून गेले आहे, पाटलाला कोणाचे पत्र दाखवावयाचे, गाड्या कोणाच्या जुंपावयाच्या, आणि नुकसान झाले तर ते कोणी सोसावयाचे, हे प्रश्न सुटल्यावाचून माळावरची शिकार होतच नसे. जंगलातील शिकारीत हा त्रास कमी, कारण जंगलाचा धनी बहुधा एकच, सरकार. उघड्या रानाला मात्र धनी फार.

प्रथम या प्राण्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. मराठीत आपण चितळ, सांबर आणि काळवीट या सर्वांना सरसकट हरिण म्हणतो. पण त्यांत मोठा भेद आहे. चितळ-सांबरांच्या शिंगांना फाटे फुटतात, ती ठरावीक काळाने गळून पडतात आणि नवी येतात. काळविटाची शिंगे पिळदार, वलये असलेली, बिनफाट्याची आणि जन्मभर टिकणारी. नर वयात येऊ लागला की त्याचा रंग गडद होत जातो. पाठ काळी, पोट पांढरेशुभ्र. माद्या आणि पाडसे तांबूस पिवळ्या रंगाची राहतात, आणि मादीला बहुधा शिंगे नसतात. संस्कृत ग्रंथांतील कृष्णसार तो हाच. दाट झाडीत तो राहत नाही. त्याचे सारे संरक्षण डोळ्यांत आणि पायांत आहे. दूरवर दिसावे आणि संकट दिसताच चौखूर उधळता यावे, एवढे मोकळे रान त्याला हवे असते. पळण्यात त्याला गाठील असा प्राणी या देशात एकच होता, चित्ता. (हल्ली पुष्कळ लोक बिबळ्याला चित्ता म्हणतात, ती चूक होय. बिबळ्या झाडीत दबा धरणारा. चित्ता सडपातळ, लांब पायांचा, उघड्यावर धावून शिकार करणारा.)

मनुस्मृतीत व याज्ञवल्क्यस्मृतीत कृष्णसाराचा उल्लेख येतो तो मोठा मजेदार आहे. हा मृग जेथे स्वभावतः हिंडतो तो देश धर्मकृत्यांस योग्य, असे तेथे मानले आहे. गवताळ, गुरांना पोसणारा, नांगराला वश होणारा मुलूख ओळखण्याची ती एक खूण असावी, असा तर्क करण्यास जागा आहे. म्हणजे काळवीट आणि कुणबी यांना पहिल्यापासून एकाच जातीची जमीन आवडते. पुढील सर्व तंट्याचे बीज येथेच आहे.

शाकुंतलाचा आरंभही आठवावा. मृगामागे रथ दौडवीत आलेल्या दुष्यंताला तापस अडवतात आणि हे आश्रमातील हरिण आहे, मारू नये, असे सांगतात. रसिकांनी या प्रसंगात करुणा पाहिली, आणि ती आहेच. पण त्यात हक्काचाही प्रश्न आहे. पृथ्वी राजाची, तरी ते रान आश्रमाचे; म्हणून चढवलेला बाण उतरवावयाचा. एवढा मोठा राजा, पण कोणत्या रानात धनुष्य ओढावे याबद्दल त्यालाही दुसऱ्याचे ऐकावे लागले.

दक्षिणेत राजांच्या मृगयेचे तपशीलवार शास्त्र सांगणारा ग्रंथ म्हणजे मानसोल्लास. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने तो ११२९ च्या सुमारास रचला, आणि मराठवाड्याचा मोठा भाग त्या काळी कल्याणीच्याच सत्तेखाली होता. राजाच्या विनोदांत, म्हणजे करमणुकींत, त्याने मृगयेला मोठे स्थान दिले आहे. शिकारीच्या कामी चित्ता वापरण्याचा हिंदुस्थानातील फार जुना उल्लेख म्हणून अभ्यासक याच ग्रंथाचा हवाला देतात. पुढे मोगलांनी हा शोक शिगेला नेला. आपल्या बापाच्या पदरी एक हजार चित्ते होते, असे जहांगीराने आपल्या आठवणींत लिहिले आहे. आकडा राजेशाही थाटाचा असेल. पण त्यामागचा हिशेब विचार करण्यासारखा आहे. बंदिवासात चित्त्याची वीण होत नसे. जहांगीराच्या काळी अशी एक वीण झाली, तेव्हा ती नवल म्हणून नोंदवून ठेवण्यात आली. शिवाय माणसाने लहानाचे मोठे केलेले पिलू शिकारीला निरुपयोगी ठरे. आईपासून शिकारीचे शिक्षण घेतलेला पुरा वाढलेला चित्ताच पकडावा लागे. अर्थात राजवाड्यात बांधलेला प्रत्येक चित्ता हा रानातून कायमचा वजा झालेला चित्ता होता.

ही शिकार प्रत्यक्ष कशी चाले, ते श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे आणावयाचे तर बैलगाडीपासून आरंभ केला पाहिजे. चित्त्याच्या डोळ्यांवर कातड्याची टोपी चढवून त्याला एका साध्या छकड्यावर बसवीत. कमरेला दोर, शेजारी त्याचा रखवालदार. कळप दिसला की छकडा सरळ त्याच्या रोखाने हाकावयाचा नाही. शेतावर निघालेल्या कुणब्यासारखे तिरकस, रमतगमत जावयाचे. काळवीट माणसाला पाहून बुजतो, घोड्याला पाहून उधळतो. पण बैलगाडी त्याच्या रोजच्या पाहण्यातली. तो मान वर करतो, क्षणभर पाहतो आणि पुन्हा चरू लागतो. अशा रीतीने शेदीडशे पावलांपर्यंत जाता आले की टोपी काढावयाची. पुढचा सारा प्रकार मिनिटाच्या आत संपे. पंजाच्या फटक्याने हरिण कोलमडे आणि चित्ता त्याचा गळा धरून बसे. रखवालदार धावत जाऊन हरणाचा गळा चिरी, रक्ताची पळी चित्त्यापुढे धरी आणि त्याचे लक्ष तिकडे गेले की टोपी पुन्हा चढवी. झेप फसली, तर काही शेकडा पावलांनंतर चित्ता आपण होऊनच थांबे आणि रुसल्यासारखा खाली बसे. मग त्या दिवशी त्याच्याकडून फारशी आशा नसे. शेतकऱ्याच्या गाडीवर हरणाचा जो विश्वास, त्याच्याच आधारावर ही राजेशाही करमणूक उभी होती.

या वर्णनावरून एक गोष्ट ध्यानात येईल. असल्या शिकारीला चांगला चित्ता पाहिजे तसेच चांगले रानही पाहिजे. निदान अर्धा मैल सपाटी हवी. मध्ये कठडा नसलेली विहीर नको, काटेरी कूप नको, उंच बांध नको, पुरुषभर ज्वारी नको. असे रान मानवतसारख्या मुलखात कोठे आणि कोणाकडे होते, हे पाहण्यासाठी निजामी राज्यातील जमिनीची व्यवस्था थोडी समजून घेतली पाहिजे.

निजामाच्या राज्याचे क्षेत्र ८२,००० चौरस मैलांहून अधिक होते. त्यांपैकी सुमारे ६० टक्के मुलूख खालसा किंवा दिवाणी, म्हणजे सरकारी महसुलाखालचा. सुमारे १० टक्के सर्फ-ए-खास, म्हणजे खुद्द निजामाच्या खासगी खर्चाकडे लावलेला. आणि बाकीचा सुमारे ३० टक्के जहागीरदार, पायगावाले व इतर सरदार यांच्या ताब्यातला. हे तुकडे सलग नव्हते. खालशाच्या गावाला लागून जहागिरीचे गाव, त्याच्या पलीकडे सर्फ-ए-खासचे, मध्येच एखाद्या देवस्थानाचे इनाम, असा तो गोधडीसारखा प्रकार होता. पहिले सालारजंग १८५३ ते १८८३ या काळात दिवाण होते. त्यांच्या कारकिर्दीत, १८६५ पासून, राज्याची जिल्हेबंदी झाली आणि पुढे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मराठवाड्यातील जमिनींची मोजणी होऊन सर्व्हे नंबर पडले. मग शेताशेताला दगड लागले आणि नाव लागले. गावाच्या शिवारात सर्वांच्या वहिवाटीचे म्हणून उरले ते गायरान, ओढ्याच्या काठची पड आणि नांगर न चालणारे माळ.

मानवतच्या बाजूस काळविटाच्या शिकारीचा बेत आखावयाचा झाल्यास तो या चौकटीतच आखावा लागे. पहिला प्रश्न ऋतूचा. पावसाळ्यात काळी जमीन भिजली की गाडीचे चाक तुंब्यापर्यंत रुतते. तेव्हा तो काळ बाद. दिवाळीपासून माघापर्यंत हवा सुरेख, थंडी बेताची, तंबूत राहण्यास योग्य. आणि हैदराबादचे अधिकारी व त्यांचे पाहुणे यांना नाताळच्या सुट्या सोयीच्या. पण नेमक्या त्याच दिवसांत काळ्या रानात रब्बीची ज्वारी उभी असते, हरभरा व करडई फुलांवर येते, कपाशीची वेचणी चालू असते. उघडे म्हणावे असे रान त्या दिवसांत गायरान आणि माळ एवढेच. फाल्गुन-चैत्रात ज्वारी खळ्यावर जाते आणि सगळे शिवार एकदम मोकळे होते. सुगी झाल्यावर शेतात कोणाचीही गुरे चरावीत असा जुना रिवाज. त्यामुळे त्या दोन महिन्यांत सर्व्हे नंबराचे दगड जणू जमिनीत गडप होतात. ओढे आटल्यामुळे कळपही ठरावीक डोहांच्या आसपास राहतात. म्हणून जाणता शिकारी फाल्गुन धरी. अडचण एवढीच की उन्हात चित्ता लवकर दमतो. तेव्हा जे काय करावयाचे ते दिवस उगवल्यापासून दोन घटकांत उरकावे लागे.

दुसरा प्रश्न परवानगीचा. खालशात तालुकदाराचा हुकूम लागे. निजामी राज्यात अव्वल तालुकदार म्हणजे जिल्ह्याचा मुख्य, इंग्रजी अमलातील कलेक्टराच्या जोडीचा. पुढे तहसीलदार, आणि त्याच्याकडून पाटील-पटवाऱ्यांना ताकीद. मानवत तेव्हा पाथरी तालुक्यात होते, स्वतंत्र तालुका पुष्कळ पुढे झाला. जहागिरीच्या गावात मात्र जहागीरदाराची मर्जी सांभाळावी लागे, आणि आपल्या माळावरची काळविटे हा तो आपल्या इभ्रतीचा विषय समजे. सर्फ-ए-खासच्या रानात तर निजामाच्या खास मर्जीवाचून बंदूक काढण्याची सोय नसे. कळप या गावातून त्या गावात केव्हा जाईल याचा नेम नाही; म्हणून शहाणा मनुष्य तिन्ही ठिकाणची पत्रे खिशात घालूनच निघे.

तिसरा प्रश्न सरबराईचा, आणि येथे शिकारीची गोडी संपून दुसराच कडवट भाग सुरू होतो. तळ पडला की चारा, सरपण, दूध, अंडी, कोंबड्या आणि मुख्यतः बैलगाड्या गावाने पुरवावयाच्या. हाकारे गावाचे, पाणके गावाचे. बलुत्यातील आणि अस्पृश्य मानलेल्या जातींतील माणसांवर हे काम वेठ म्हणून पडे, आणि मोबदला मिळेच असा नेम नसे. सुगीच्या दिवसांत कुणब्याची गाडी आठ दिवस शिकाऱ्याच्या तळावर अडकली, म्हणजे त्याचे धान्य तितके दिवस खळ्यावर उघडे. एवढे असूनही काळविटाच्या शिकाऱ्याला गावाने पूर्णपणे नको म्हटले असेल असे वाटत नाही. पन्नास-साठ हरणांचा कळप एका रात्रीत कोवळ्या हरभऱ्याची जी दैना करतो, ती ज्याने पाहिली आहे त्यास याचे नवल वाटणार नाही. कुणब्याला शिकारी हवा असे. शिकाऱ्याचा लवाजमा नको असे.

या बेतांचे भपकेदार रूप हैदराबाद शहराच्या आसपास पाहावयास मिळे. ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड १८९३ च्या जानेवारीत निजामाचा पाहुणा होता, आणि त्याच्यासाठी तेथे चित्त्याकडून काळविटांची शिकार करविण्यात आली. पुढे १९१४ साली साराजेव्हो येथे ज्याच्या खुनातून पहिले महायुद्ध पेटले, तोच हा युवराज. सहावे निजाम मीर महबूब अली खान हे स्वतः नामांकित शिकारी. त्यांच्या तळांची राजा दीनदयाळ यांनी घेतलेली छायाचित्रे आजही पाहावयास मिळतात. तंबूंच्या रांगा, गालिचे, हत्ती सारे त्यांत आहे. गाडी दिलेला कुणबी त्यांत शोधावा लागतो.

परभणीकडे हा थाट कमी. तिकडे बंदूकवाल्यांची वर्दळ अधिक असे, कारण जालना आणि हिंगोली या दोन्ही ठिकाणी हैदराबाद कंटिंजंट नावाच्या फौजेच्या छावण्या होत्या. १९०३ साली ही फौज इंग्रजी हिंदी सैन्यात विलीन झाली. पुढे गोदावरी खोऱ्याचा मनमाड ते हैदराबाद हा लोहमार्ग १९०१ च्या सुमारास पुरा झाला, मानवत रोड हे स्टेशन झाले, आणि रात्री आगगाडीत बसलेला शिकारी सकाळी माळावर उभा राहू लागला. बंदुकीच्या शिकारीत चित्त्याचा खर्च नाही, पण रानाची अडचण उलट वाढली. लांब पल्ल्याच्या रायफलीची गोळी सपाट मुलखात चुकली तर मैलभर जाते, आणि त्या मैलात कोणी खुरपीत असतो, कोणी गुरे वळीत असतो. म्हणून मागे टेकाड किंवा ओढ्याची दरड येईल अशी जागा धरूनच गोळी घालावी, हा माळावरचा पहिला नियम. तो सर्वांनीच पाळला असे म्हणवत नाही.

या सगळ्यांहून वेगळा, आणि कौशल्यात सर्वांहून वरचढ, असा एक शिकारी त्याच रानात वावरत होता. त्यास ना पत्र लागे, ना तंबू. तो फासेपारधी. कातडी दोरीचे किंवा तातीचे फासे एका ओळीत जमिनीशी रोवावयाचे आणि कळप त्या ओळीवर हळूहळू वळवून आणावयाचा, ही त्याची मुख्य रीत. काही पारधी शिकवलेल्या गाई-बैलाच्या आडोशाने चालत चालत हरणाजवळ जात. त्यावरून गायपारधी हे नाव पडले. शिकवलेल्या काळविटाच्या शिंगांना फासे बांधून त्याला परक्या कळपात सोडण्याची युक्तीही जुनी आहे. कळपाचा मुख्य नर झुंजीला येतो आणि शिंगांत शिंगे अडकून सापडतो. अकबराच्या दरबारातील अबुल फजलने तिचे वर्णन केले आहे. राजेरजवाड्यांना चित्ते पकडून आणि शिकवून देणारेही पुष्कळदा पारधीच. म्हणजे दरबारी मृगयेची विद्या मुळात या माणसांची. मानमरातब मात्र दुसऱ्यांचा.

इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे ज्या जमातींवर त्याचा शिक्का बसला त्यांत पारधीही आले. ज्याला स्वतःचे शेत नाही, जो आज या गायरानात तर उद्या त्या माळावर, त्याच्याविषयी मोजणी झालेल्या मुलखात संशय घेणे सोपे असते. दुसऱ्याच्या शिवारात लवाजम्यानिशी शिरणारा तो पाहुणा आणि फासे घेऊन शिरणारा तो चोर, असा हा न्याय होता. तो सर्वांना मान्य नव्हता, ही समाधानाची गोष्ट. कोल्हापूरचे शाहू छत्रपती स्वतः शिकारीचे आणि चित्त्यांचे मोठे शोकीन. पण त्यांनीच १९१८ साली आपल्या संस्थानात अशा जमातींची रोजची हजेरी बंद केली आणि फासेपारध्यांना जवळ करून कामे दिली. हजेरीच्या जाचात अडकलेल्या माणसाचा गुण ओळखावयास शिकारी राजाची नजर उपयोगी पडली असेल काय, हा विचार मनात येतोच.

कोल्हापूरचे नाव निघाले म्हणून चित्त्याची पुढील हकीकत येथेच सांगणे बरे. विसाव्या शतकाच्या आरंभी देशी चित्ता इतका दुर्मिळ झाला की शोक टिकविण्यासाठी कोल्हापूर, भावनगर यांसारख्या संस्थानांना आफ्रिकेतून चित्ते आणवावे लागले. १९४७ साली आजच्या छत्तीसगडमधील कोरिया संस्थानात शेवटचे तीन नर मारले गेले आणि १९५२ साली हा प्राणी देशातून नाहीसा झाल्याचे सरकारने जाहीर केले. पुढे सत्तर वर्षांनी, १७ सप्टेंबर २०२२ रोजी, नामिबियातून आणलेले आठ चित्ते मध्य प्रदेशातील कुनो येथे सोडण्यात आले. सोडावयाचे कोठे, हाच त्या वेळी मोठा प्रश्न होता. चित्ते परदेशांतून मिळतात, मोकळे रान तसे आणता येत नाही.

रानाची ही अडचण आपल्याच देशात आहे असे नाही. अमेरिकेतील वायोमिंग संस्थानात प्राँगहॉर्न नावाचा, हरणासारखा दिसणारा एक चपळ प्राणी गवताळ मैदानांत राहतो आणि त्याची शिकार आजही परवान्याने चालते. तेथे वन्य प्राणी सार्वजनिक समजला जातो, पण तो ज्या जमिनीवर उभा असतो ती बहुधा एखाद्या पशुपालकाच्या मालकीची. १८६२ च्या कायद्याने रेल्वे कंपन्यांना मार्गालगतची जमीन एक घर सोडून एक घर अशी देण्यात आली. परिणामी सरकारी व खासगी चौकोन बुद्धिबळाच्या पटासारखे पडले. सरकारी चौकोनात शिकारीचा हक्क आहे, पण तेथे पाय ठेवण्यास कोपऱ्यावरून उडी मारावी लागते! या उडीवरून तेथे अगदी अलीकडेपर्यंत कोर्टकज्जे झाले. मानवतच्या पाटलाला हे ऐकून हसू आले असते. त्याच्या शिवारात निदान पायवाटेने जावयाला कोणी कोणास अडवीत नसे.

आपल्याकडील शेवट मात्र हसण्यासारखा नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी जीपगाड्या स्वस्तात विकल्या गेल्या आणि रात्रीच्या वेळी दिव्याच्या झोतात काळविटे मारण्याचा प्रकार दक्षिणेत सर्वत्र बोकाळला. यात बेत नाही, परवानगी नाही, ऋतूही नाही. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईने निजामी अंमल संपला. १५ ऑगस्ट १९४९ पासून जहागिरी खालसा झाल्या. रयतेच्या मानेवरचे मोठे जोखड गेले, यात शंका नाही. त्याबरोबर जहागीरदाराने इभ्रतीसाठी राखलेले माळही उघडे पडले. जो माळ कोणाच्या तरी हट्टामुळे गवताळ राहिला होता, त्यावर नांगर चालला. पुढे जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी परभणी जिल्ह्यात आले आणि जी पड जमीन कोणी विचारीत नव्हते तिला भाव आला.

गायरानाची कथा याहून नाजूक आहे. मराठवाड्यातील भूमिहीन, विशेषतः दलित कुटुंबे, पिढ्यान्‌पिढ्या वेठ करून जगली. त्याच वेठीवर शिकारीचे तळही उभे राहिले होते. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली आणि पुन्हा १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. गायराने कसणाऱ्यांच्या नावे व्हावीत ही मागणी पुढे अनेक वर्षे चालली, आणि १४ एप्रिल १९९० पूर्वीची अतिक्रमणे कायम करण्याचे धोरण सरकारने स्वीकारले. ज्याच्या वाट्याला शिकाऱ्याच्या पाण्याची घागर आली, त्याच्या नातवाच्या वाट्याला दोन एकर माळ आला, तर त्यास कोणत्या तोंडाने नाही म्हणावे? आणि तरीही हे खरे की त्या दोन एकरांत पूर्वी गवत होते.

कायदा या सर्वांच्या मागून आला. मुंबई राज्याने १९५१ साली वन्य पशुपक्ष्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. १९७२ साली सबंध देशासाठी वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि काळविटाला त्याच्या पहिल्या परिशिष्टात स्थान मिळाले. तेव्हापासून त्याची शिकार हा गंभीर गुन्हा आहे. राखून ठेवलेले रान मात्र थोडे. हैदराबादजवळ निजामाच्या खासगी शिकारीचे एक रान होते, ते १९७५ साली महावीर हरिण वनस्थळी या नावाने उद्यान झाले. नगर जिल्ह्यात कर्जत तालुक्यातील रेहेकुरी येथे १९८० साली खास काळविटांसाठी अभयारण्य स्थापन झाले. त्याचे क्षेत्र सारे २.१७ चौरस किलोमीटर, म्हणजे एखाद्या बेताच्या खेड्याच्या शिवाराहूनही लहान. याच्या उलट सोलापूर-नगरकडील माळढोक अभयारण्य १९७९ साली जाहीर झाले ते सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरांचे. त्यात गावे, शेते, रस्ते सारे आले, लोकांच्या तक्रारी झाल्या, आणि २०१२ साली ते १,२२२ चौरस किलोमीटरांवर आणावे लागले. एक फार लहान, दुसरे कागदावर फार मोठे. दोन्ही ठिकाणी मोजणीचे दगड आड आले.

परभणी जिल्ह्यात जंगल नावालाच आहे. तेथील हरणे राहतात ती लोकांच्या शेतांत. ज्वारीचा पेरा पुष्कळ घटून त्या जागी सोयाबीन आणि कापूस आला आहे. सोयाबीनचे कोवळे शेंडे आणि हिवाळ्यात हरभरा यांवर कळप तुटून पडतात. नुकसानभरपाईची सरकारी तरतूद आहे. त्यासाठी अर्ज, पाहणी आणि पंचनामा व्हावा लागतो. तोपर्यंत राखण करावी लागते ती शेतकऱ्यालाच. कोणी बांधावर जुन्या साड्या बांधतो, कोणी डबे वाजवितो, कोणी थंडीत शेतातच पथारी टाकतो. पहाटे गाडीबैल घेऊन तो घरून निघतो तेव्हा कळप कधी कधी अजून शेतातच असतो. गाडीचा आवाज ऐकून काळवीट मान वर करतो, क्षणभर पाहतो आणि पुन्हा चरू लागतो.